सत्तेचाळिसावी ओळ

“मेलेली,” वाचकबाई म्हणाल्या. “आठ महिने ती माणसं मला मेलेली समजत होती. आणि तुम्ही म्हणताय, गैरसमज झाला.”

“गैरसमजच तो.”

“गैरसमज दोन्हीकडून होतो. हा एकट्या तुमचा आहे, आणि लेखी आहे.”

निरीक्षक वाटाणे सोलत होते. सोलत होते म्हणजे एकच शेंग गेली पाच मिनिटं त्यांच्या हातात होती. टेबलाच्या पलीकडे त्यांची थोरली बहीण, आक्का, भराभर सोलत होती. पण भांडणातला एकही शब्द निसटू नये म्हणून दाणे ताटलीत टाकताना ती आवाज करत नव्हती.

“मी तेव्हाच सांगितलं होतं तुला,” निरीक्षक म्हणाले. “इथेच, चहा घेताना. अकरा चोर पकडले म्हणून. तूच म्हणालीस, बरं झालं, असल्यांना दारात उभं करू नये.”

“चोर म्हणून सांगितलंत, म्हणून बरं झालं म्हणाले. आंधळी माणसं म्हणून सांगितलं असतंत तर म्हणाले असते का?”

“ती आंधळी आहेत हे मला कुठे दिसत होतं?”

“म्हणजे दिसत कुणालाच नव्हतं,” आक्का शेंगेकडे बघत म्हणाली.

वाचकबाई उठल्या, ओट्यापाशी गेल्या आणि आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसू लागल्या. हे भांडण लांबणार असल्याचं ते लक्षण होतं. अडतीस वर्षांच्या संसारात त्या रागावून कधी माहेरी गेल्या नाहीत, ओट्यापाशी गेल्या.

सकाळी दहाला फोन आला होता. पलीकडच्या बाईंनी आधी पूर्ण नंबर म्हणून दाखवला, मग विचारलं, “छापखान्यात वाचायच्या त्या बाईंचं घर का हे?” वाचकबाई हो म्हणाल्या. मग त्या बाई म्हणाल्या, “अगंबाई, तुमचाच आवाज. घरच्यांना विचारावं म्हणून संस्थेतून नंबर घेतला, आम्ही तर तुम्हाला पोचवून मोकळे झालो होतो.”

निरीक्षकांची नोकरी संपून सहा वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना निरीक्षकसाहेबच म्हणत. एकतीस वर्षं ते वजनमापं तपासत हिंडले. धान्याची दुकानं, भाजीबाजार, लाकडाच्या वखारी, सोनारांचे काचेतले बारके काटे. हातात एक चौकोनी पेटी. तिच्यात मखमलीच्या खळग्यांतून बसवलेली पितळी वजनं आणि शिशाचा शिक्का उठवायची पक्कड. कुणाच्या दुकानात पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. आक्का म्हणायची, हा जन्मला तेव्हा सुइणीला म्हणाला असेल, तराजू आधी रिकामा दाखवा.

पण त्या खात्यात त्यांना मान होता तो कडकपणासाठी नव्हे. कडक पुष्कळ होते. निरीक्षकांची एक पद्धत होती. काटा कमी दाखवतोय असं दिसलं की ते लगेच कागद काढत नसत. पारडी पुसायचे, एकाच्या जागी दुसरं लावून बघायचे, वजन तीनदा ठेवायचे. आणि मग दुकानदाराला विचारायचे, “हा कधी पडला होता का?” कारण पडलेला काटा खोटं बोलतो खरा, पण ते त्याचं त्याला ठाऊक नसतं. एकदा एका म्हाताऱ्या किराणावाल्याचा काटा गिऱ्हाइकाला जास्त देत होता, कैक वर्षं. तो त्यांनी दुरुस्त करायला लावला तेव्हा म्हातारा रडला होता. ही गोष्ट ते फार वेळा सांगत. घरात सगळ्यांना पाठ होती.

वाचकबाईंचं काम त्याहून विचित्र होतं. छापखान्यात त्या बावीस वर्षं मोठ्याने वाचत. समोर एक जण छापलेला कच्चा कागद घेऊन बसणार, यांनी मूळ हस्तलिखित वाचायचं, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद सगळं उच्चारून. म्हणजे समोरच्याला चुका सापडतात. कथा असो, कायदा असो, औषधांची यादी असो. छापखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांचं काम गेलं, यांचा आवाज तेवढा शिल्लक राहिला. वर्षभर त्या घरात आक्काला वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या. आक्का मध्येच झोपी जायची. मग कुठल्याशा संस्थेचं पत्रक लेकीने आणून दिलं: न दिसणाऱ्यांसाठी पुस्तकं वाचून हवी आहेत, लेखकांची परवानगी घेतलेली आहे, आवाज स्वच्छ हवा.

अडगळीच्या खोलीत गाद्या भिंतीला उभ्या केल्या, दारावर दोन रजया टांगल्या. मायक्रोफोनवर निरीक्षकांचा जुना पायमोजा चढवला, म्हणजे श्वासाची फुसफुस येत नाही. वाचन चालू असेतो फ्रिज बंद, पंखा बंद, कुकर बंद. आक्काने खोकला आधी काढून ठेवायचा. पहिल्या पुस्तकात वाचकबाई सवयीने तीनदा “स्वल्पविराम” म्हणून गेल्या. ते लेकीने कापलं. तेव्हापासून साठच्या वर पुस्तकं झाली.

ही पुस्तकं लोकांपर्यंत जात ती एका वेगळ्याच वाटेने, आणि त्या वाटेवर निरीक्षकांना निवृत्तीनंतरचं काम सापडलं. तिथे मोठं गोदाम असं काही नसतं. प्रत्येक सभासदाचा संगणक हेच गोदाम. पुस्तकाच्या आवाजाचे शेकडो तुकडे होतात. ज्याच्याकडे जे तुकडे असतील ते त्याने दुसऱ्याला द्यायचे, आपल्याकडे नसतील ते घ्यायचे. दारावर एक हजेरीचा संगणक असतो. कुणापाशी काय आहे एवढंच तो सांगतो. सगळा मामला घेण्या-देण्याच्या इमानदारीवर. आणि इमानदारी म्हटली की तिथे लबाडी आलीच. काही जण असे प्रोग्राम लावून येत की ते घेत भरमसाट आणि देत काहीच नाहीत. काही “माझ्याकडे सगळं आहे” म्हणत आणि मागितलं की गप्प. काही मुद्दाम नासके तुकडे देत.

निरीक्षकांना हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते स्वतःच्या लग्नातही आलं नव्हतं, असं वाचकबाई म्हणत.

ते तिथे मापारी या नावाने वावरत. दोन वर्षांत त्यांनी बंदीची यादी तयार केली. प्रत्येक प्रोग्राम दारात आला की आठ अक्षरांत आपली ओळख सांगतो. ज्याचं वागणं वाईट, त्याची आठ अक्षरं यादीत. यादीत नाव चढलं की हजेरीचा संगणक त्याला कुणाचाच पत्ता सांगत नाही. तो बिचारा बाहेर “वाट पाहत आहे” एवढंच दाखवत बसतो. त्याला कारण कळत नाही, बंदी आहे हेही कळत नाही. यादीच्या माथ्यावर निरीक्षकांनी स्वतः एक वाक्य लिहिलं होतं: प्रोग्रामला हेतू नसतो, वर्तन असतं, वर्तन पाहा, ओळ लिहा. आणि एक नियम घालून घेतला होता. ओळ घालायला पाच व्यवस्थापकांपैकी कुणाही एकाची सही पुरे, काढायला पाचांचीही हवी. एरवी लोक वशिले लावतात, हे त्यांना नोकरीतून ठाऊक होतं.

दहा महिन्यांपूर्वी एक अनोळखी प्रोग्राम त्यांच्या नजरेत आला. कुणीतरी घरी बनवलेला. अकरा संगणकांवर तोच. तो देत काहीच नसे. घेतलेलं ठेवतही नसे. ऐकून झालं की टाकून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी कालचेच शेवटचे दोन-तीन तुकडे परत मागायचा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तो ओळीने घ्यायचा. पहिला, दुसरा, तिसरा. तिथली रीत अशी की जो तुकडा सगळ्यांत कमी लोकांपाशी आहे तो आधी घ्यायचा, म्हणजे काही हरवत नाही. ओळीने घेणारा हा फक्त स्वतःचं बघणारा, असं तिथे पक्कं समजतात.

निरीक्षकांनी सहा आठवडे पाळत ठेवली. घेतलेले तुकडे चार हजारांवर, दिलेले शून्य. सत्तेचाळिसावी ओळ लिहिली. शेऱ्यात लिहिलं: घेतो, देत नाही. मग बाहेर येऊन चहा घेताना घरात सांगितलं, आणि वाचकबाई म्हणाल्या, बरं झालं.

त्या वेळी त्या एक कादंबरी वाचत होत्या. एका रंगाऱ्याची बायको. नवरा जातो आणि कापड रंगवायचं दुकान तिच्या गळ्यात पडतं. दीर म्हणतो विकून टाक, ती काही बोलत नाही, दर प्रकरणात नवा रंग शिकते. सत्तावीस प्रकरणं. नुकतंच अठरावं झालं होतं.

दर रविवारी वाचकबाई विचारायच्या, “या आठवड्यात किती?” आणि निरीक्षक आकडा सांगायचे. पंधरा. कधी चौदा. फार नव्हते, पण ठरलेले होते. एकोणिसाव्या प्रकरणाच्या रविवारी आकडा चार झाला. विसाव्याच्याही चार. त्यांनी विचारलं, “कुणी काही लिहिलंय का हो? काही चुकलं का माझं?” नाही, कुणी काही लिहिलं नव्हतं. निरीक्षकांनी बायकोला बरं वाटावं म्हणून सांगितलं, “लोकांना आता वेळ कुठे असतो? तू मनाला लावून घेऊ नकोस.”

त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. विसावं प्रकरण स्वतःच एकदा ऐकलं, म्हणाल्या, “आवाज जुना झालाय माझा,” आणि मायक्रोफोन पायमोज्यासकट कपाटात स्वेटरांच्या मागे ठेवून दिला. गाद्या परत पलंगावर गेल्या. आक्का मोकळेपणाने खोकू लागली.

ज्या आठवड्यात ओळ घातली त्याच आठवड्यात आकडा पडला होता. पंधरातून अकरा गेले, चार राहिले. एकतीस वर्षं ज्यांनी आकडे पाहिले त्यांना ही वजाबाकी दिसली नाही. आज सकाळी त्या बाईंचा फोन आला तेव्हा दिसली, तीही बायकोने करून दाखवल्यावर.

सकाळच्या त्या बाई टेलिफोन एक्स्चेंजवर तेहतीस वर्षं ऑपरेटर होत्या, म्हणून घरात त्यांचं नाव ऑपरेटरबाई पडलं.

वाटाणे तसेच टाकून निरीक्षक आत गेले आणि संगणकापाशी बसले. सत्तेचाळिसावी ओळ काढावी असं त्यांनी बाकीच्या चौघांना कळवलं, आणि कारण सविस्तर लिहिलं. ही न दिसणारी माणसं आहेत. त्यांच्यातल्याच एकाने हा प्रोग्राम केला. संगणक जुने, त्यांत साठवायला जागा नाही. ओळीने घेतात कारण पुस्तक ऐकायचं तर ओळीनेच ऐकावं लागतं.

दोघांनी त्याच दिवशी सह्या दिल्या. तिसरा गेले चार महिने कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. चौथा, ज्याला सगळे घुबड म्हणत, त्याने दुसऱ्या दिवशी उत्तर पाठवलं. त्यात निरीक्षकांचंच वाक्य होतं. प्रोग्रामला हेतू नसतो, वर्तन असतं. खाली त्याने लिहिलं होतं: मापारी, उद्या प्रत्येक जण म्हणेल आमचीही काही अडचण आहे. तुम्हीच शिकवलंत ना, वशिला चालत नाही म्हणून?

निरीक्षकांनी ते तीनदा वाचलं. वाक्यात चूक काढता येईना. घुबड उद्धट नव्हता, लबाडही नव्हता. तो त्यांच्यासारखाच होता.

“काय म्हणतात तुमचे पंच?” वाचकबाईंनी विचारलं.

“नाही म्हणतात.”

“कारण?”

“माझंच.”

वाचकबाईंनी फक्त मान हलवली. त्या काही लागट बोलल्या असत्या तर निरीक्षकांना बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, घरात कुणी नाही असं बघून, त्यांनी ऑपरेटरबाईंना फोन लावला. म्हणजे वाचकबाई बाजारात गेल्या होत्या आणि आक्का घरात होती. पण आक्का झोपल्याचं सोंग घेऊन पडली होती.

“मी बोलतोय. वाचकबाईंच्या घरून. त्यांचे यजमान.”

“ओळखलं. तुमचाच श्वास ऐकू येतो पुस्तकांत कधीकधी. दारापाशी उभे असता ना?”

फ्रिज बंद आहे का बघायला निरीक्षक जात, तेव्हाचा असेल. त्यांनी ठरवून ठेवलेलं वाक्य बोलून टाकलं. “तुमचा प्रोग्राम ओळीने घेतो, जे कुणाकडे नाही ते आधी घेत नाही, म्हणून ती बंदी मी घातली होती. चूक माझी आहे. मला माहीत नव्हतं.”

“बंदी होती होय,” बाई म्हणाल्या. “आम्हाला काय कळणार? मशीन आपलं दर अर्ध्या मिनिटाने सांगतंय, वाट पाहत आहे, वाट पाहत आहे. पहिले पंधरा दिवस आम्ही पण पाहिली. मग टायपिस्ट म्हणाला, बाई गेल्या असणार. पुस्तक अर्ध्यात टाकणाऱ्यातल्या त्या नव्हेत.”

“टायपिस्ट कोण?”

“आमचा. त्यानेच तो प्रोग्राम केलेला. तिसाव्या वर्षी डोळे गेले, बोटं शाबूत. बाकीचे प्रोग्राम आम्हाला चालवता येत नाहीत हो, सगळी चित्रंच चित्रं. याने केला तो बोलायचा. एक बटण दाबलं की पुस्तक, दुसरं दाबलं की कालचं शेवटचं थोडं परत. म्हातारी माणसं आम्ही, काल कुठे झोप लागली ते लक्षात नको राहायला?”

“तो त्यात थोडा बदल करील का? ओळख तीच राहू दे, पण घेतलेलं जरा ठेवून दुसऱ्याला देता येईल असं काही. मी संगणक पाठवतो हवा तर. मोठा.”

“तो गेला,” बाई म्हणाल्या. “तीन महिने झाले.”

निरीक्षक खुर्चीवर बसले. इतका वेळ ते उभेच होते.

“दवाखान्यात होता सतरा दिवस. मी रोज जायची. एकच घोष त्याचा, ती बाई दुकान विकते का? दिरापुढे नमते का? मी म्हटलं, बाबा रे, मला काय माहीत, आपण सगळे अठराव्यालाच अडकलोय. शेवटी मीच रचलं. रोज एक प्रकरण सांगायचे. विकत नाही म्हटलं, उलट दिरालाच कामाला ठेवते म्हटलं. हसला. म्हणाला, तू वाचत नाहीस, तू फेकतेस. पण ऐकलं सगळं. आता तुम्हीच सांगा, विकते की नाही?”

“मला माहीत नाही.”

“म्हणजे तेवढं अजून वाचून झालेलं नाही?”

“विसापर्यंत झालंय. पण मी…” निरीक्षक थांबले. “मी ऐकलेलं नाही.”

“हे पुस्तक?”

“कुठलंच.”

“अहो, पण तुमच्याकडे तर सगळी असतील.”

“आहेत. सगळी आहेत. एकही तुकडा कमी नाही.”

बाई म्हणाल्या, “असतात बाई अशी माणसं,” आणि तेही इतक्या सहज म्हणाल्या की निरीक्षकांना रागावताही येईना.

ते म्हणाले, “एकोणीस आणि वीस मी तुम्हाला टपालाने पाठवतो. डिस्कवर घालून. दहाही जणांना. मी स्वतः टाकून येईन.”

“आणि पुढची सात?”

“ती… वाचन सध्या बंद आहे.”

“मग नका पाठवू. दोन प्रकरणं ऐकायची आणि परत लटकायचं, या वयात कशाला?” आणि फोन ठेवण्याआधी म्हणाल्या, “साहेब, एक विचारू? तुम्ही पुस्तक मधूनच वाचायला घेता का कधी? म्हणजे, जे पान कुणाकडेच नाही ते आधी?”

“नाही.”

“मग आमचं काय चुकलं होतं?”

आतल्या खोलीतून आक्काचा खोकला आला. झोपेतला नव्हता.

“विचारलं होतंस?” तिने पडल्यापडल्याच हाक देऊन विचारलं.

“काय?”

“तेच ते. हा कधी पडला होता का.”

कुणाला विचारणार होते, हा प्रश्न निरीक्षकांनी तीन दिवस स्वतःपुढे ठेवला होता. विचारायला दुकानदार नव्हता, नुसती आठ अक्षरं होती. पण सहा आठवडे पाळत ठेवली, आणि त्या सहा आठवड्यांत एकदाही त्यांच्या मनात आलं नाही की ओळीने कोण घेतं? कालचं शेवटचं परत कोण मागतं? चोर मागतो का? चोराला कालच्याशी काय करायचं असतं? तीनदा वजन ठेवण्याची सवय त्यांनी कार्यालयात पेटीबरोबर जमा केली होती. पक्कड तेवढी घरी आणली.

आणि ते चार. सत्तेचाळीस ओळींतून गाळून उरलेले चार चोख सभासद, घेतात तेवढं देतात. निरीक्षकांनी त्या दुपारी चौघांनाही एक साधा प्रश्न पाठवला: रंगाऱ्याच्या बायकोचं पुस्तक कसं वाटतंय? दोघांनी लिहिलं, अजून ऐकलं नाही, पण संग्रहात आहे. एकाने लिहिलं, कुठलं? चौथा निरीक्षक स्वतःच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कानाला हेडफोन लावला आणि पहिल्या प्रकरणापासून ऐकायला घेतलं.

ते असं बसलेले पाहून लेक कामावर जाता जाता म्हणाली, “बाबा, वेग वाढवता येतो हं. दीडपट केलं की लवकर संपेल.” त्यांनी हातानेच नको म्हटलं. पहिलं, दुसरं, तिसरं. आवाज रोजचाच होता. दूध उतू गेलं म्हणून ओरडणारा, ओटा पुसताना गप्प होणारा. पण इथे तो कुणाला तरी समोर बसवून हळूहळू सांगत होता, घाई नाही, उपकार नाही. रंगाऱ्याची बायको हात निळे करून बसते त्या ठिकाणी आवाज किंचित थांबला होता. स्वल्पविरामापेक्षा जास्त. निरीक्षकांनी तेवढंच परत ऐकलं. मग आणखी एकदा.

जेवायला उशिरा आले, परत जाऊन बसले. संध्याकाळी सातव्या प्रकरणात डोळा लागला. सकाळी उठून शेवटचे दोन-तीन तुकडे परत लावले, कारण दीर दुकानात आला ते आठवत होतं आणि गेला कधी ते आठवत नव्हतं. आपण काय करतोय ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा बटणावरचं बोट तसंच राहिलं. मग त्यांनी बटण दाबलं. दुसरा इलाज नव्हता.

चार दिवस गेले. वाचकबाई येता-जाता बघत होत्या, विचारत नव्हत्या. आक्काला राहवलं नाही. “आता बायको आवडायला लागली वाटतं,” ती म्हणाली. “लवकर आटपलं. अजून अडतीस वर्षं लागतील असं धरून चालले होते मी.”

रविवारी सकाळी चहाला चौघंही टेबलाशी होती. विसावं प्रकरण शनिवारी संपलं होतं. निरीक्षकांनी कप उचलला, ठेवला. एरवी याच वेळी वाचकबाई विचारायच्या, या आठवड्यात किती. गेले कित्येक रविवार त्यांनी विचारलं नव्हतं.

“ती दुकान विकते का?” निरीक्षकांनी विचारलं.

बिस्किटाचा तुकडा चहात पडला होता, तो वाचकबाईंनी चमच्याने काढला, बशीच्या कडेला ठेवला.

“कुठवर आलात?”

“विसापर्यंत. त्याच्या पुढे तू वाचलेलं नाहीस.”

“मनात वाचलंय. तीनदा.”

“मग विकते का?”

“आई, सांग ना,” लेक म्हणाली. “बाबांनी चार दिवस अंघोळीचा पत्ता लागू दिला नाही.”

“घुबडाला मी परत लिहिलंय,” निरीक्षक म्हणाले. त्यांना एकदम सगळंच सांगायचं होतं. “माथ्यावरचं माझं वाक्य काढा म्हणून. आणि यादी सोडली मी. आता त्यांनी सांभाळावी. सत्तेचाळिसावी ओळ निघेल असं वाटत नाही. ती राहणार. माझ्याच हातची आहे, माझ्याच नियमाने राहणार. पण तू वाचलंस तर मी डिस्क करून दहाही जणांना…”

“ते सगळं झालं,” वाचकबाई म्हणाल्या. “काल माझं ऑपरेटरबाईंशी बोलणं झालंय.”

कपाटातून त्यांनी सकाळीच काहीतरी काढलं असावं. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा जाड स्वेटर आणि निरीक्षकांचा जुना पायमोजा पडला होता. पायमोजा रिकामा होता. मायक्रोफोन कुठे दिसत नव्हता.

“उद्यापासून रोज अकरा ते साडेबारा मी फोनवर वाचणार आहे,” त्या म्हणाल्या. “त्यांचं राहिलं तिथून. एकोणिसाव्यापासून. दहाही जणांना एका लाइनवर ऑपरेटरबाई जोडून घेतील, त्यांचा धंदाच तो. गाद्या आज दुपारी परत आत लावायच्या. फ्रिज बंद राहील, कुकर अकराच्या आत होईल. आक्का, खोकला तुम्ही आधी काढून घ्यायचा.”

“काढते बाई,” आक्का म्हणाली.

“आणि रेकॉर्डिंग?” निरीक्षकांनी विचारलं.

“रेकॉर्डिंग नाही.”

“अगं, पण नंतर कुणाला हवं असलं तर? राहील म्हणून ठेवून…”

“ठेवायचं काही नाही. त्या वेळी जो ऐकेल त्याचं ते. तुम्हाला विकते की नाही ते कळायला हवं असेल तर दाराबाहेर खुर्ची टाकून बसा. आत यायचं नाही, श्वास ऐकू जातो.”

त्यांनी कप गोळा केले आणि ओटा न पुसताच आत गेल्या.